वमनोत्तर क्लोराइड : एक दुर्लक्षित अंक

वासंतिक वमनाच्या दिवसांत रुग्णाच्या सोडियम-पोटॅशियमची चौकशी आपण करतो; क्लोराइडच्या रकान्याकडे मात्र दृष्टी क्वचितच वळते. मीठ म्हणजे सोडियम, हे समीकरण मनात पक्के बसलेले असते. वस्तुतः मिठाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग क्लोराइडचा असून पेशीबाह्य द्रवातील प्रमुख ऋणभारित आयन तोच होय. रक्तातील त्याचे प्राकृत प्रमाण दर लिटरला साधारणतः ९६ ते १०६ मिलिइक्विव्हॅलंट असते.

जठरातील अम्ल हे हायड्रोक्लोरिक अम्ल. अतिवमनात ते बाहेर पडले की रक्तातील क्लोराइड घटते, बायकार्बोनेट वाढते आणि रक्ताची क्षारता वाढते. हे अधिकचे बायकार्बोनेट मूत्रावाटे टाकण्यासाठी वृक्कांना क्लोराइडच लागते. त्याची भरपाई झाली नाही तर उलटी थांबूनही विकृती टिकून राहते. अतिसारात चित्र बहुधा उलटे असते : बायकार्बोनेट मलावाटे जाते व क्लोराइड वाढते.

माझ्याच चिकित्सालयातील एक प्रसंग सांगतो. पन्नाशीच्या एका गृहस्थांना वमनानंतर दुसऱ्या दिवशी हातापायांत मुंग्या व पेटके येऊ लागले. मी वातप्रकोप समजून अभ्यंग-स्वेदनाचा विचार करीत होतो. तपासणीत सोडियम १३६, पोटॅशियम ३.१, क्लोराइड ८६ व बायकार्बोनेट ३५ आढळले. ते रक्तदाबासाठी मूत्रल गोळी घेत होते आणि पूर्वकर्माच्या वेळी ते विचारायचे माझ्याकडून राहून गेले होते. मूत्रल औषधानेही क्लोराइड व पोटॅशियम जातेच. रुग्णालयात शिरेवाटे सलाईन व पोटॅशियम क्लोराइड दिल्यावर ते सावरले. केवळ सोडियमचा अंक पाहिला असता, तर मी निर्धास्त राहिलो असतो.

आणखी एक विचार. संसर्जनक्रमातील अकृत यूष स्नेह-लवणरहित असतो. सम्यक् योगात ते योग्यच. परंतु वेग आटोक्याबाहेर गेलेल्या रुग्णाला तोच क्रम जसाच्या तसा लावणे मला उचित वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या जलसंजीवनीत लिटरमागे ६५ मिलिइक्विव्हॅलंट क्लोराइड असते. अशा वेळी तिचा संकोच नको.

औषधालयचालक बंधूंना एक विनंती. ‘रक्तदाबाला सैंधव चालते’ असे सांगून ते विकू नये. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आणि ‘कमी सोडियमचे मीठ’ मागणाऱ्यास वृक्कविकार आहे का, हे अवश्य विचारावे. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते.