कायद्याने घडवलेल्या रायफली

पश्चिम बंगालमध्ये हुगळीच्या काठावर ईशापूरचा रायफल कारखाना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तिथे तोफांसाठी दारू बनायची; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायफली बनू लागल्या. या कारखान्याच्या नागरी शस्त्रांच्या यादीत .३१५ बोअरची एक स्पोर्टिंग रायफल आहे. उत्तर प्रदेश-मध्य प्रदेशात ती ‘तीन सौ पंद्रह’ म्हणून घरोघरी ठाऊक. एनसीसीत किंवा होमगार्डमध्ये ‘थ्री नॉट थ्री’ चालवलेल्या माणसाच्या हाती ती दिली, तर तो क्षणभर चक्रावेल. तोच लाकडी दस्ता, तसाच थोडासा उचलताच सुटणारा बोल्ट. बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी उडते. पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात तळहाताला स्प्रिंगचा तोच विरोध जाणवतो, कारण या रचनेत फायरिंग पिन बोल्ट बंद होताना ताणली जाते.

यंत्रणा एकच, काडतूस मात्र वेगळे. त्या एवढ्याशा फरकामुळे एक रायफल परवाना घेऊन घरी ठेवता येते आणि दुसरी सर्वसामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध ठरते. हा फरक कोणा अभियंत्याला सुचलेला नाही, तो कायद्याने पाडला आहे. जुन्या लष्करी रायफलींचे जगभर जे पुनरुज्जीवन चालले आहे, त्याची कथा याच धाग्याने उलगडते. रायफल एकदा कारखान्यात घडते आणि दुसऱ्यांदा राजपत्रात.

थ्री नॉट थ्रीचे खरे नाव ली-एनफिल्ड. बोल्ट आणि पेटीसारखे मॅगझिन जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या संशोधकाचे, नळीतले आटे एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचे. १८९५ मध्ये ब्रिटिश लष्कराने ती स्वीकारली. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या आणि बोल्ट इतका चपळ, की तरबेज शिपाई मिनिटाला पंधरा गोळ्या नेमाने झाडायचा. नळीचा व्यास इंचाच्या ३०३ सहस्रांश, म्हणून .३०३.

१८५७ नंतर ब्रिटिशांना हिंदुस्थानात मोठी धास्ती होती ती लष्करी दारूगोळा बाहेर जाण्याची. १८७८ च्या शस्त्र कायद्याने लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदी माणसाच्या हाती परवान्याशिवाय शस्त्र राहू दिले नाही. लष्कराचे काडतूस ज्या बंदुकीत बसेल ती बंदूक खाजगी माणसाकडे असू नये, हे धोरणही पुढे पक्के झाले. गोऱ्या शिकाऱ्यांनाही त्याचा फटका बसला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरवर बंदी आली. कारण त्याच व्यासाच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या. लंडनचे बंदूकवाले हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी नवी काडतुसे काढली. हत्ती आणि वाघाच्या शिकारकथांत रुबाबाने मिरवणारी .४७० ही अशी सरकारी मनाईच्या पोटी जन्मली.

.३१५ चीही तीच कुळकथा. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली रायफलीच्या यंत्रणेवर ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस चढवले. ते काडतूस हिंदुस्थानच्या लष्करात नव्हते, म्हणून कायद्याला चालले. स्वातंत्र्यानंतर ईशापूरने हीच रायफल पुढे चालवली. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम आले तेव्हाही जुनी भीती शाबूत होती. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस ज्यात बसेल अशी रायफल प्रतिबंधित वर्गात गेली. परवाना शाखेच्या भाषेत ‘पीबी’, म्हणजे प्रोहिबिटेड बोअर. बाकीची ‘एनपीबी’. गंमत अशी, की दोन्ही महायुद्धांत अमेरिकी सैन्याने वापरलेले .३०-०६ हे काडतूस आपल्याकडे एनपीबीत येते आणि ईशापूर त्याचीही स्पोर्टिंग रायफल बनवते. काडतूस किती घातक आहे, यापेक्षा ते कोणाच्या कोठारात आहे, हे आपल्या कायद्याने अधिक पाहिले.

१९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने आणखी एक करामत केली. सेल्फ-लोडिंग रायफली (एसएलआर) पुरेशा हाती नव्हत्या, म्हणून साठ वर्षांहून जुन्या ली-एनफिल्डला नव्या ७.६२ काडतुसासाठी पुन्हा घडवले. पोलाद अधिक मजबूत, मॅगझिन चौकोनी. मागच्या नेमपट्टीवरचे आकडे जुन्या २,००० वरून ८०० मीटरवर आले, कारण दोन हजारांवर नेम धरून पलटणीने सरसकट गोळीबार करण्याचे दिवस सरले होते. हीच ईशापूर २ए१. जगात बोल्ट-ॲक्शन रायफलींचा जमाना संपत आलेला असताना सैन्यासाठी नव्याने बनलेल्या अगदी शेवटच्या रायफलींपैकी ही एक. पुढे तिचा जुना साठा अमेरिकेत विकला गेला. तिथल्या काही व्यापाऱ्यांनी नळी आखूड करून, दस्ता बदलून तिला ‘जंगल कार्बाइन’चे रूप दिले. भारतीय करदात्याच्या पैशाने बनलेली ही रायफल भारतीय शौकिनाला मिळत नव्हती. अमेरिकेतला शौकीन मात्र ती दुकानातून घरी नेत होता.

अमेरिकेचा कायदा उदार आहे, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे. १९६३ मध्ये केनेडींच्या हत्येत वापरलेली रायफल म्हणजे टपालाने मागवलेली, इटालियन सैन्याने मोडीत काढलेली स्वस्त कार्कानो. १९६८ च्या कायद्याने टपालविक्रीला चाप लावला आणि परदेशी लष्करी भंगाराच्या आयातीवर बंधने आणली. आयात होणारे शस्त्र ‘क्रीडा उपयोगा’चे असावे, ही अट तेव्हापासूनची. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन शहरात शाळेच्या मैदानावर एका माणसाने कलाश्निकोव्हच्या घडणीच्या रायफलीने पाच मुलांचे जीव घेतले. मग थोरल्या बुश यांच्या सरकारने ४३ प्रकारच्या अर्धस्वयंचलित रायफलींची आयात थांबवली. पुढच्या वर्षी कायदा आला, की परदेशी सुटे भाग आणून तीच रायफल देशात जोडायचीही नाही. त्यावरच्या नियमात वीस भागांची यादी दिली आणि त्यांतले जास्तीत जास्त दहा परदेशी चालतील असे ठरले.

इथून अमेरिकेत पुनरुज्जीवनाचा एक वेगळाच धंदा सुरू झाला. बेल्जियमच्या एफएन कंपनीची एफएएल ही रायफल नव्वदहून अधिक देशांच्या सैन्यांनी वापरली. आपली एसएलआर तिचीच बहीण. देशोदेशीच्या सैन्यांनी ती मोडीत काढली, तेव्हा मुख्य सांगाडा कापून निकामी केला जाई आणि उरलेले भाग खोक्यात भरून अमेरिकेत पोहोचत. सांगाडा हाच कायद्याच्या लेखी ‘बंदूक’. तो तिथल्या कारखान्यात नव्याने, फक्त अर्धस्वयंचलित चालेल असा बनवायचा आणि दहाचा हिशेब जुळेपर्यंत इतर भागही देशी घालायचे. इलिनॉय राज्यातल्या डीएसए या कंपनीने तर ऑस्ट्रियाच्या जुन्या उत्पादन-सामग्रीच्या आधारे आख्खी एफएएल पुन्हा घडवली. २००५ पासून अशा संचांतल्या नळ्यांची आयातही बंद झाली, तेव्हा नळ्याही अमेरिकेत तयार होऊ लागल्या. आयातबंदीचा उद्देश काहीही असो, तिने एका मोडीत निघालेल्या युरोपीय रायफलीला अमेरिकी कारखाना मिळवून दिला.

१९९४ ची देशव्यापी बंदी अधिक बोलकी आहे. ती दहा वर्षे टिकली. काढता येणारे मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीला पाचपैकी दोन वैशिष्ट्ये असली, की ती ‘असॉल्ट वेपन’ ठरे: घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची जागा, ज्वाला झाकणारे टोपण, ग्रेनेड फेकायची सोय. रूगर कंपनीच्या मिनी-१४ चे उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या गॅरंडची आणि तिच्या एम-१४ या वारसदाराची धाटणी लहान करून ती घडवली होती. साधा लाकडी दस्ता असलेली मिनी-१४ कायद्याने नाव घेऊन सूट दिलेल्या यादीत होती. घडीच्या दस्त्याची बंदीत. गोळी तीच, चाप तोच, वेगही तोच. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये आणि २०११ मध्ये नॉर्वेच्या उटोया बेटावर झालेल्या हत्याकांडांत मिनी-१४ वापरली गेली. कॅनडाने मे २०२० मध्ये सुमारे पंधराशे मॉडेलांवर बंदी घातली, तेव्हा तिचे आणि एम-१४ चे नाव त्यात होते.

एम-१४ ची नागरी आवृत्ती एम१ए १९७० च्या दशकापासून इलिनॉयमध्ये बनते. कॅलिफोर्नियात ज्वाला झाकणाऱ्या टोपणाला हरकत, म्हणून तिथे पाठवायच्या रायफलीवर धक्का कमी करणारे वेगळे टोपण बसवतात. एकाच रायफलीची राज्यागणिक निराळी नाके घडतात.

मग लोकांना या जुन्या रायफली हव्यात तरी कशाला? आधुनिक रायफल हलकी, अचूक आणि पुष्कळदा स्वस्तही असते. एक कारण स्पर्धांचे. अमेरिकेत लष्करी रायफलींच्या नेमबाजी स्पर्धांना शंभर वर्षांहून मोठी परंपरा आहे. १९०३ मध्ये सरकारने त्यासाठी मंडळ नेमले. त्यातूनच पुढे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम ही संस्था आली आणि १९९६ मध्ये ती सरकारी खात्यातून वेगळी झाली. सैन्याच्या कोठारातल्या एम१ गॅरंड पात्र नागरिकांना विकणे हे तिचे काम. जॉन गॅरंड यांची ही रायफल १९३६ मध्ये स्वीकारली गेली आणि पन्नास लाखांहून अधिक बनल्या. आठ गोळ्यांची पत्र्याची क्लिप रिकामी झाली की टणकन आवाज करत उडते. तो आवाज ऐकण्यासाठी पैसे मोजणारे असंख्य आहेत. जुना साठा आटू लागला तेव्हा या संस्थेने नव्याने बनवलेल्या गॅरंडही विक्रीला आणल्या. दुसरे कारण स्मृतीचे. आजोबा ज्या रायफलीने लढले, ती नातवाला हवी असते. तिसरे कारण सरळ व्यापारी. मूळ नगाची किंमत आकाशाला भिडली की हुबेहूब नकलेला गिऱ्हाईक मिळते. व्हिएतनाम युद्धातल्या एम-१६ च्या जुन्या रूपाच्या ‘रेट्रो’ रायफली याच हिशेबावर चालतात.

ब्रिटनने अमेरिकेसारखे बाह्यरूप पाहिले नाही, यंत्रणा पाहिली. ऑगस्ट १९८७ मधल्या हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर १९८८ च्या कायद्याने .२२ रिमफायर वगळता आपोआप भरणाऱ्या सर्व रायफली बंद केल्या. बंदूकवाल्यांनी उत्तर शोधले. दिसायला हुबेहूब लष्करी रायफल, पण प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडा ओढायचा. पुढे त्याहून चतुर रचना आली. वायूच्या जोराने पुंगळी बाहेर पडे, बोल्ट मागे थांबे आणि अंगठ्याने कळ दाबताच तो पुढे जाई. म्हणायला स्वयंचलन नाही, प्रत्यक्षात वेग मात्र जवळपास तसाच. सरकारने २०१९ च्या कायद्याने ही फटही बुजवली. १९८८ च्या कायद्यापासून ही फट बुजेपर्यंत एकतीस वर्षे गेली.

या साऱ्या ओढाताणीत फायदा झाला तो जुन्या बोल्टचा. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ जण मारले गेल्यावर ऑस्ट्रेलियाने अर्धस्वयंचलित रायफलींवर कडक बंदी आणली आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. ली-एनफिल्ड हाताने भरायची असल्याने ती परवान्याच्या कक्षेत राहिली. मग एका ऑस्ट्रेलियन कंपनीने त्याच घडणीची, ७.६२ काडतुसाची नवी रायफल बाजारात आणली. तिचे मॅगझिन घेतले ते एम-१४ चे!

कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात पहारा देणाऱ्या रेंजर्सनी १९४७ पासून ली-एनफिल्ड वापरली. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा ती बदलली. पण नवी रायफलही फिनलंडच्या टिक्का घडणीची, बोल्टचीच. कडाक्याच्या थंडीत, अस्वल समोर असताना, कमी भागांची यंत्रणा भरवशाची वाटते.

आपल्याकडे थ्री नॉट थ्रीचा निरोप दुःखद प्रसंगाने लांबवर ऐकू आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसएमटी स्थानकावर एके-४७ घेऊन आलेल्या अतिरेक्यांसमोर रेल्वे पोलिसांच्या हाती ही जुनी रायफल होती. त्यानंतर पोलिसांच्या शस्त्रांच्या आधुनिकीकरणाला वेग आला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात .३०३ ला अधिकृत निरोप दिला. दरम्यान २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा राहिली. दोन पिढ्यांच्या वारसा बंदुका असलेल्या घराण्यांना तिसरी जमा करावी लागली.

कोकणात आणि गोव्यात तर याहूनही जुनी चाल जिवंत आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक, म्हणजे ज्या जातीच्या बंदुकीने एकेकाळी पलटणी लढल्या, ती आजही माकडे आणि रानडुकरे हाकायला वापरतात. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हा तिथल्या परवानाधारकाचा ठरलेला फेरा. परवाना एकनळी ठासणीचाच असेल, तर तिथे दुसरी कुठली घडण शिरणार कशी? कायदा जे मोजतो, तेच टिकते.

या सर्व देशांच्या अनुभवातून एक गोष्ट साफ दिसते. दस्ता, मूठ, टोपण पाहणाऱ्या नियमाला बंदूकवाला सहज वळसा घालू शकतो. गोळ्या किती वेगाने सुटतात हे पाहणारा नियमही पळवाटा सोडतो, पण त्या शोधायला खरी कारागिरी लागते. भारताचा नियम यांपैकी एकातही मोडत नाही. तो सैन्याच्या कोठाराकडे बोट दाखवतो, आणि ते कोठार आता बदलले आहे. सैन्य ५.५६ मिलिमीटरच्या इन्सासवरून ७.६२ च्या नव्या रायफलींकडे वळले आहे. अमेठीजवळच्या कोरव्यात एके-२०३ बनते आहे. .३०३ ला पोलिसांनीच रामराम केला, तरी नियमांच्या प्रतिबंधित यादीत ती आहे तिथेच आहे. तिची .३१५ बोअरची बहीण मात्र ईशापूरचा कारखाना आजही विकतो.