एकच स्कॅनर, घरातील सर्व संगणकांसाठी

कोलशेतमध्ये घरबसल्या हजचे व नोकरीचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या बांधवांनी प्रत्येक संगणकास वेगळा स्कॅनर घेऊ नये, असे आम्ही सुचवितो. लिनक्सवर ‘सेन’ ही मोफत प्रणाली आहे. तिच्या यादीतील स्कॅनर घ्यावा. तो जोडलेल्या संगणकावर ‘सेनडी’ सेवा सुरू करून ‘सेनडी.कॉन्फ’ फाइलमध्ये घरातील इतर संगणकांचे आयपी पत्ते लिहावेत. इतर संगणकांच्या ‘नेट.कॉन्फ’मध्ये स्कॅनरवाल्या संगणकाचा पत्ता द्यावा. मग तेथूनही स्कॅन होते. मात्र ही सेवा चित्र कुलूपबंद करून पाठवीत नाही. म्हणून तिचे ६५६६ क्रमांकाचे पोर्ट राउटरवरून इंटरनेटला खुले करू नये. गिऱ्हाइकाचा पासपोर्ट, आधार ही आपल्याकडील अमानत आहे. पैसे वाचविताना तिच्यात खयानत होता कामा नये.