हर्निया : दुर्बिणीतून की साधे ऑपरेशन?

लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहणारे आमच्या ओळखीचे एक हमाल आहेत. जांघेत गाठ आली, ती त्यांनी लाजेपोटी दोन वर्षे लपविली. शेवटी डॉक्टरांनी हर्निया सांगितला, तेव्हा त्यांनी मला विचारले, "भाऊ, दुर्बिणीचे करू की साधे?" हा प्रश्न निफाड तालुक्यातील अनेक कष्टकरी घरांचा आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

पोटाची भिंत जांघेत कमजोर झाली की चरबी किंवा आतडे तेथून बाहेर येते. पट्टा बांधून ही वाट बुजत नाही. ऑपरेशनात तेथे जाळी बसवितात.

साध्या ऑपरेशनात जांघेवर छेद घेऊन बाहेरून जाळी शिवतात. तेवढीच जागा बधिर करूनही ते होते. दुर्बिणीसाठी सहसा पूर्ण भूल लागते. छिद्रे लहान असल्याने दुखणे कमी व माणूस कामावर लवकर जातो, पण खर्च जास्त. दोन्ही बाजूंना हर्निया असल्यास, किंवा साध्या ऑपरेशननंतर तो पुन्हा उद्भवल्यास, दुर्बीण अधिक सोयीची.

दुर्बिणीच्याही दोन तऱ्हा आहेत. 'टॅप' पद्धतीत पोटाच्या पोकळीत शिरून आतील पडदा उघडतात, जाळी ठेवतात व पडदा पुन्हा शिवतात. यात दुसरी बाजूही पाहता येते. 'टेप' पद्धतीत पोकळीत न शिरता पडदा आणि स्नायू यांच्यामध्ये जागा करतात. जागा अरुंद, म्हणून ती शिकायला अवघड. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दोन्हींचे परिणाम सारखेच. सर्जनचा हात ज्यात बसला आहे ती पद्धत चांगली.

महाग जाळी म्हणजे जास्त गुण, असेही नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड साध्या ऑपरेशनात वापरून दाखविले. युगांडात 302 पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर दोन्ही जवळपास सारख्याच ठरल्या.

तेव्हा बंधूंनो, डॉक्टरांना निःसंकोच विचारा : आपण कोणती पद्धत नेहमी करता? भूल कोणती? जाळीसह एकूण खर्च किती? मी ओझे कधी उचलू? महात्मा फुले योजनेबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

आणि गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. आतडे अडकले असेल, तर जिवावर बेतते. रोजगार बुडेल म्हणून गाठ लपविणे हाच सर्वांत महाग सौदा आहे.