घरबसल्या दूरचित्रवाणी जाहिरातींची दलाली : संधी आणि सावधगिरी

शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीमुळे होसकोटे हे नाव मराठी वाचकांस अपरिचित नसावे. बंगळूरच्या पूर्वेस महामार्गालगत वसलेल्या या गावी आज कारखाने, सराफी पेढ्या, शाळा व मंगल कार्यालये यांची दाटी झाली आहे. या प्रत्येकास ग्राहक हवा असतो, आणि ग्राहकापर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरात. मध्यंतरी येथील शाखेत एका गृहिणीने विचारणा केली, ‘‘साहेब, टीव्हीसाठी जाहिराती मिळवून देण्याचे काम घरून करायचे आहे. कर्ज मिळेल का?’’ त्यांना दिलेले उत्तर इतरांसही उपयुक्त ठरावे, म्हणून हा लेखप्रपंच.

दूरदर्शनवर 1 जानेवारी 1976 पासून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. वाहिनी विकते ती वेळ. तिचा दर सामान्यतः 10 सेकंदांस ठरतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 नुसार तासाला 12 मिनिटांहून अधिक जाहिराती दाखविता येत नाहीत. त्यांपैकी 2 मिनिटांपर्यंतचा अवधी वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीसाठी असतो. म्हणजेच हा माल मर्यादित व नाशवंत आहे. आज न विकलेली वेळ उद्या विकता येत नाही. म्हणूनच वाहिनीला मध्यस्थ हवा असतो.

लहान व्यापाऱ्यासही आता हे माध्यम अगदी दुर्लभ राहिलेले नाही. स्थानिक केबल वाहिन्या आहेतच. शिवाय 2008 साली बंगळूरमध्ये स्थापन झालेल्या अमागी या कंपनीने राष्ट्रीय वाहिनीवरील एकच वेळ निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या जाहिरातदारांस देण्याचे तंत्र राबविले.

दलालाचे काम असे चालते : जाहिरातदाराची गरज व अंदाजपत्रक समजून घेणे, वाहिनीकडून दर मागविणे, लेखी ‘रिलीज ऑर्डर’ देणे, प्रसारणानंतर प्रसारण प्रमाणपत्र मिळविणे आणि देयक वसूल करणे. भांडवल म्हणून दूरध्वनी, संगणक व चिकाटी पुरते. होसकोट्यात मात्र कन्नड संभाषणास पर्याय नाही.

जाहिरात व्यवसायात कमिशनचा रूढ दर 15 टक्के आहे. उदाहरणादाखल, 10 सेकंदांस 100 रुपये दर धरू. 30 सेकंदांची जाहिरात रोज 6 वेळा, 30 दिवस दाखविल्यास देयक 54,000 रुपये होते. कमिशन 8,100 रुपये. उरलेले 45,900 रुपये वाहिनीचे. यावरील 18 टक्के वस्तू व सेवा कर निराळा. तो आपले उत्पन्न नव्हे.

खरी मेख येथेच आहे. ऑर्डर आपल्या नावाने दिली आणि जाहिरातदाराने पैसे बुडविले, तर वाहिनी 45,900 रुपये आपल्याकडेच मागणार. हा खड्डा भरून काढण्यास तशीच जवळजवळ सहा कामे विनामोबदला करावी लागतील. तेव्हा नवख्याने दोनच मार्ग पत्करावेत : आगाऊ रक्कम घ्यावी, किंवा जाहिरातदाराचे देयक थेट वाहिनीच्या नावे ठेवून केवळ कमिशन घ्यावे.

आणखी काही पथ्ये आहेत. ‘एजन्सी देतो, आधी अनामत भरा’ असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. चमत्कारिक औषधांच्या जाहिराती स्वीकारू नयेत. 1954 च्या कायद्याने त्यांवर निर्बंध आहेत. व्यवसायासाठी स्वतंत्र खाते असावे, पॅन द्यावा आणि कमिशनवर उगमस्थानी कापल्या गेलेल्या कराचा हिशेब ठेवावा.

कर्जाविषयी सांगायचे तर, 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते व सेवा व्यवसायही तीत बसतात. मात्र ते संगणकादी साधनांसाठी घ्यावे. दुसऱ्याची उधारी भागविण्यासाठी नव्हे.

त्या भगिनींनी हा हिशेब वहीत उतरवून घेतला आणि म्हणाल्या, ‘‘मग कर्जाचे नंतर पाहू, आधी आगाऊ पैसे देणारा एक दुकानदार शोधते.’’ अर्ज न स्वीकारताही त्या दिवशी एक चांगला ग्राहक जोडल्याचे समाधान मला लाभले.