अनोळखी माणसाची चाल

पूर्णा हे जंक्शन आहे. परभणी, नांदेड आणि वसमत-हिंगोलीमार्गे अकोला अशा तीन दिशांचे प्रवासी येथे एकमेकांत मिसळतात. चार अनोळखी माणसे गाडीत समोरासमोर बसली, की मांडीवर टॉवेल पसरून पत्त्यांचा डाव सुरू व्हायला वेळ लागत नाही. आसपासच्या खेड्यांत श्रावणात आणि पोळ्याच्या सुमारास शेतातल्या आखाड्यावर जो डाव बसतो, तो बहुधा तीन पानांचा असतो. त्याला मराठवाड्यात तिर्रट म्हणतात. पैसे लावून तो खेळणे गुन्हा आहे, आणि त्यापायी घरेही बुडाली आहेत. परंतु या खेळात एक प्रश्न असा दडलेला आहे, की ज्यावर गणितज्ञांनी जवळजवळ एक शतक विचार केला.

प्रश्न साधा आहे. ज्याला आपण पूर्वी कधी पाहिले नाही, अशा माणसाने एकदम जोरात चाल केली. त्याच्याकडे खरोखर मोठी पाने आहेत, की तो थाप मारतो आहे? आपण पाने टाकून द्यावीत, की पैसे घालून त्याची पाने पाहावीत?

बहुतेक जण अशा वेळी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. अनोळखी चेहऱ्यावरून फारसे काही कळत नाही. माणसाविषयी माहिती नसली, तरी पानांविषयी मात्र आपल्याला बरेच ठाऊक असते. ५२ पानांतून ३ पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० प्रकारांत जोडी, क्रम, रंग यांपैकी काहीच नसते. म्हणजे चारांपैकी सुमारे तीन वेळा समोरच्याच्या हाती विशेष काही नसते. त्याचा आवाज कितीही मोठा असला, तरी हा आकडा बदलत नाही.

तीन पानांचा खेळ

खरा डाव हिशेबाला फार किचकट असतो. म्हणून हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली फक्त तीन पानांचा खेळ सुचवला. वर्गात खेळता यावा यासाठी आम्ही तो आणखी थोडा सोपा केला आहे. पैशांऐवजी चिंचोके घ्यावेत.

एक राजा, एक राणी आणि एक गुलाम घ्या. खेळाडू दोन. एक आपण, दुसऱ्या अनोळखी खेळाडूला पाहुणा म्हणू. दोघांनी मध्ये एकेक चिंचोका ठेवायचा आणि एकेक पान घ्यायचे. तिसरे पान पालथेच राहील. आता पाहुण्याने एकतर थांबायचे, किंवा आणखी एक चिंचोका घालून चाल करायची. तो थांबला तर दोघांनी पाने उघडायची आणि मोठ्या पानाने मधले चिंचोके घ्यायचे. त्याने चाल केली, तर आपण पान टाकून द्यायचे, नाहीतर एक चिंचोका घालून त्याचे पान पाहायचे.

आपल्याकडे राजा असेल तर पाहावे आणि गुलाम असेल तर टाकावे, हे उघड आहे. खरी अडचण राणीची. पाहुण्याकडे राजा असेल तर आपण हरतो, गुलाम असेल तर जिंकतो, आणि दोन्ही शक्यता सारख्याच असतात.

पाहण्याची किंमत

चाल झाल्यावर मध्ये तीन चिंचोके आहेत. पाहायला एक लागतो. चार वेळा पाहिले, त्यांत तीनदा हरलो आणि एकदा जिंकलो, तर तीन गेले आणि तीन आले. म्हणजे पाहुण्याच्या चारांपैकी एक चाल थापेची असली, की पाहणे आणि टाकणे सारखेच ठरते. थापा त्याहून जास्त असतील तर पाहावे, कमी असतील तर टाकावे. ‘तो खोटे बोलतो आहे का’ हा प्रश्न येथे ‘तो चारांत एकदापेक्षा जास्त खोटे बोलतो का’ असा होतो. अशा प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देता येते.

आता पाहुण्याच्या बाजूने पाहू. राजा आला की तो चाल करणारच. गुलाम आल्यावर त्याने किती वेळा थाप मारावी? आपल्या हाती राणी असलेले बारा डाव घ्या. त्यांत सरासरीने सहा वेळा त्याच्याकडे राजा असेल आणि सहा वेळा गुलाम. गुलामावर त्याने दोनदा थाप मारली, तर एकूण आठ चालींत दोन थापा होतात, म्हणजे बरोबर चारांत एक. तीनदा मारल्यास आपण नेहमी पाहून फायदा घेऊ. एकदाच मारल्यास आपण नेहमी टाकू, आणि त्याच्या राजाला जादा चिंचोका मिळणार नाही.

आपल्यालाही असाच नियम लागू पडतो. राणी आपण नेहमी टाकली, तर पाहुणा प्रत्येक गुलामावर थाप मारून फायदा घेईल. नेहमी पाहिली, तर तो थापा सोडेल आणि राजावर जास्त मिळवील. हिशेब केल्यास असे दिसते, की राणी तीनांत एकदा पाहिली म्हणजे त्याला थाप मारून काहीच मिळत नाही आणि काही गमवावेही लागत नाही. कोणत्या वेळी पाहायचे, हे मनाने ठरवू नये, कारण मनाला सवयी असतात. फासा टाकावा: १ किंवा २ पडले तर पाहावे, एरवी टाकावे. पाहुणा अगदी सरळ माणूस निघाला, तर अशा पाहण्यात आपले थोडे चिंचोके जातील. तो विम्याचा हप्ता समजावा.

ओळख कशी वाढते

एकाच माणसाशी बरेच डाव झाले, की फाशापुढे जाता येते. समजा, अनोळखी माणसे तीन प्रकारची असतात. सरळ माणूस थाप कधीच मारत नाही, हिशेबी तीन गुलामांत एकदा मारतो आणि धाडसी प्रत्येक गुलामावर मारतो. आपल्या हाती राणी असलेल्या बारा डावांत त्यांच्या चाली अनुक्रमे ६, ८ आणि १२ होतील. हेच प्रमाण ३ : ४ : ६.

दहा जणांत सहा सरळ, तीन हिशेबी आणि एक धाडसी असतो, असे धरू. ही झाली सुरुवातीची वजने: ६, ३, १. पहिली चाल आली की त्यांना अनुक्रमे ३, ४ आणि ६ ने गुणावे. १८, १२, ६ मिळतात, बेरीज ३६. हिशेबी माणसाच्या चालींत पाव आणि धाडसी माणसाच्या चालींत निम्म्या थापा असतात. म्हणून थापेचा वाटा ३ अधिक ३, म्हणजे ३६ मध्ये ६, सुमारे १७ टक्के. हा २५ टक्क्यांहून कमी आहे, तेव्हा टाकावे. पुन्हा राणी आणि पुन्हा चाल आल्यास वजने ५४, ४८, ३६ होतात आणि वाटा २२ टक्के. तरीही टाकावे. तिसऱ्यांदा तसेच झाल्यास वजने १६२, १९२, २१६ आणि वाटा २७ टक्के. आता पाहावे.

उलट, तिन्ही प्रकारचे लोक सारखेच असतात असे आरंभी धरले, तर पहिल्याच चालीला थापेचा वाटा ३१ टक्के येतो आणि लगेच पाहावे लागते. चाल तीच, पाने तीच, उत्तर मात्र वेगळे. अनोळखी माणसाविषयी आपण आधीच काय गृहीत धरले आहे, ते आपल्या निर्णयात असे उतरते. एका चालीवरून ‘हा लबाड आहे’ असे म्हणणारा माणूस बहुधा पाहुण्याविषयी कमी आणि स्वतःच्या गृहीतकाविषयी जास्त सांगत असतो.

यंत्राने काय केले

जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली खेळांचे गणित मांडले. १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरमधील थापेचाही हिशेब केला. पोकरच्या होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात. त्याच्या मर्यादित प्रकारात चालीची रक्कम ठरलेली असते आणि ती किती वेळा वाढवता येईल यालाही मर्यादा असते. त्यामुळे पाहणे स्वस्त पडते. मध्ये ६ चिंचोके जमले असताना पाहायला १ लागत असेल, तर सातांत एकदा जिंकलो तरी भागते. अशा खेळात जोरदार चालीला घाबरून वारंवार पाने टाकणारा हळूहळू बुडतो.

दोघांत खेळायचा हा मर्यादित होल्डेम कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळजवळ पूर्ण सोडवल्याचे जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यांचा सेफियस हा संगणक कार्यक्रम कोणाचा चेहरा पाहत नव्हता. तो स्वतःशीच अब्जावधी डाव खेळून, कोणत्या जागी किती वेळा पाहावे, किती वेळा टाकावे आणि किती वेळा थाप मारावी, ही प्रमाणे शिकला. रोज १२ तास, ताशी २०० डाव याप्रमाणे ७० वर्षे खेळूनही त्याच्यावर मात केल्याचे खात्रीने सिद्ध करता येणार नाही, इतकी ती प्रमाणे अचूक आहेत.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीने साठ डाव खेळावेत आणि नोंद ठेवावी: चाली किती, त्यांत थापा किती, राणी किती वेळा पाहिली. तीस डावांनंतर बाजू बदलाव्यात, कारण दोघेही उत्तम खेळले तर पाहुण्याला दर डावाला सरासरी एक-अठरांश चिंचोका मिळतो. हा अपूर्णांक कसा आला, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शोधता येईल.

नंतर आणखी एक प्रयोग करावा. दर डावाला मधल्या चिंचोक्यांतून एक चिंचोका तिसऱ्या विद्यार्थ्याने काढून घ्यावा. डाव बसवणारा जी नाल काढतो, ती हीच. बाजू आळीपाळीने बदलून दोघांनी कितीही अचूक खेळ केला, तरी आता दोघांचेही चिंचोके कमी होत जातात आणि तिसऱ्याची मूठ भरत जाते. मोबाइलवरचे पैशांचे खेळ चालवणाऱ्यांचेही असेच होते. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. नशिबाने किंवा धाडसाने आपण सुटू, असे मुलांना वाटत असते. त्यांना उपदेशापेक्षा स्वतःच्या हातातले चिंचोके मोजू द्यावेत.