कोड वाचतो, जाणकार अडकतो
ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फूट गाठले. अशा वेळी सांगलीजवळच्या माधवनगरातून परदेशी टीमसाठी कोड लिहिणाऱ्याची वीज, इंटरनेट जाऊ शकते. कोड मात्र बुडत नाही. 2005 मध्ये आलेल्या, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीमुळे त्याची इतिहासासकट प्रत सहकाऱ्यांच्या संगणकांवर असते. तरी काम अडते, कारण एखादा बदल का केला, हे बहुधा एकाच्याच डोक्यात असते. 2020 च्या कोरोना टाळेबंदीत घरून काम निभावलेच की, असे कुणी म्हणेल. खरे आहे, पण 2021 च्या दुसऱ्या लाटेत अनेकांना ऑक्सिजन, खाटा शोधत फिरावे लागले. तेव्हा लॅपटॉप असून काय उपयोग? म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कामाचे दोन जाणकार, तेही दोन देशांत हवेत, म्हणजे एकाच संकटात दोघेही अडकण्याची शक्यता कमी. खर्च वाढेल, पण काम ठप्प होण्यापेक्षा तो परवडतो.