फाळक्यावरची पट्टी आणि घाईचा हिशेब

आपल्याकडच्या ट्रकचा मागचा फाळका रंगाऱ्याच्या ब्रशने नटतो. अमेरिकेतला पिकअप ट्रक मात्र नटतो तो वरून बसवलेल्या पट्ट्यांनी. १९७०च्या दशकात शेव्हरोलेच्या महागड्या पिकअपच्या फाळक्यावर चमकत्या ॲल्युमिनियमची रुंद पट्टी असे. आज तिची जागा बहुधा क्रोमचा किंवा काळ्या रंगाचा मुलामा दिलेल्या एबीएस प्लॅस्टिकने घेतली आहे. आपल्या गॅरेजांत अशा शोभेच्या तुकड्याला ‘गार्निश’ म्हणतात. ती पट्टी काढायची वेळ वेगवेगळ्या कारणांनी येते. कुणाला फाळका नव्याने रंगवायचा असतो, कुणाला चकचकाट नको असतो, तर हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या मिशिगन-ओहायोसारख्या राज्यांत पट्टीमागे गंज धरला आहे का, हे पाहायचे असते. ताकदवान माणूस स्क्रू-ड्रायव्हर घालून जोर लावतो, तेव्हा पट्टी मोडते किंवा सोबत रंगाचा पापुद्रा घेऊन येते. तीच पट्टी केस वाळवायचा ड्रायर आणि गळाला लावतात तसली तंगूस यांच्या साहाय्याने अर्ध्या-पाऊण तासात अलगद सुटते. सहसा याला ‘युक्ती’ म्हणून सोडून दिले जाते. पण चिकटण्याबद्दलची आपली समजूत मुळात कुठे चुकते, ते या युक्तीतून नेमके कळते.

आपण धरून चालतो की डिंकाला ठरावीक ताकद असते आणि आपला जोर तिच्यापेक्षा जास्त झाला की वस्तू सुटते. स्क्रू किंवा खिळ्याच्या बाबतीत हे बरेचसे खरेही आहे. पट्टी जिथे प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसवलेली असते तिथे हाच हिशेब चालतो. क्लिपचे दाते आत जाताना दुमडतात, बाहेर येताना अडतात. फाळक्याच्या आतल्या बाजूचे झाकण उघडून ते मागून चिमटले की काम झाले. गुंतागुंत आहे ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या ॲक्रिलिक फोम टेपची. ‘थ्रीएम’ कंपनीने १९८० मध्ये अशी टेप बाजारात आणली आणि पुढे मोटारींवरची चिन्हे, पट्ट्या, गार्निश यांसाठी पत्र्याला भोके पाडायची गरज मोठ्या प्रमाणात संपली. भोक नाही म्हणजे गंजाला दार नाही, हा त्यातला उघड फायदा. पण टेप मऊ का ठेवली, हे त्याहून रंजक आहे.

सुमारे १.४ मीटर लांबीची एबीएसची पट्टी घ्या. थंडीची रात्र आणि उन्हातली दुपार यांच्यात ६० अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर ती साधारण साडेसहा मिलिमीटरने वाढते. तिच्याखालचा पोलादी पत्रा वाढतो जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे पट्टी मध्यावर स्थिर धरली तरी प्रत्येक टोक पत्र्यावरून पावणेतीन मिलिमीटर सरकू पाहते. मधल्या टेपची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. कडक गोंद असता तर तो तडकला असता, नाहीतर त्याने रंग ओरबाडला असता. फोम टेप मात्र स्वतःच तिरकी होते, ताण पोटात घेते आणि ऊन उतरल्यावर पूर्ववत होते. २०१५च्या मॉडेलपासून फोर्डने एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची केली. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे तिथे ही ओढाताण थोडी कमी होते, संपत मात्र नाही.

आता खरा पेच. इतका मऊ पदार्थ इतका घट्ट धरतो कसा? टेपच्या डिंकाची ताठरता पोलादाच्या तुलनेत काही लाख पटींनी कमी असते, आणि ती तशी असावीच लागते. ‘थ्रीएम’मधील कार्ल डालक्विस्ट यांनी १९६०च्या दशकात नोंदवले की पदार्थाचा लवचिकता गुणांक साधारण तीन लाख पास्कलच्या खाली असेल, तरच तो नुसत्या बोटाच्या दाबाने पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत उतरतो आणि चिकट वाटतो. उतरल्यानंतर रेणूंमध्ये जे आकर्षण तयार होते, ते मात्र किरकोळच असते. ते तोडायला एका चौरस मीटरमागे ०.१ ज्यूलहूनही कमी ऊर्जा पुरायला हवी. प्रत्यक्षात चांगली टेप सोलताना त्याच क्षेत्रफळाला शेकडो ज्यूल, कधी त्याहून जास्त ऊर्जा लागते. ही हजारो पटींची तफावत जाते कुठे? ती पृष्ठभाग सोडवण्यात खर्च होतच नाही. डिंक सुटण्यापूर्वी ताणला जातो, त्याचे तंतू निघतात, लांबलचक रेणू एकमेकांवरून घासत सरकतात आणि आपला बहुतेक जोर उष्णता होऊन विरतो. टेपशी झगडणारा माणूस डिंकाच्या आतल्या घर्षणाशी झगडत असतो. सांध्याचा वाटा त्यात नाममात्र.

आणि घर्षण म्हटले की वेग आलाच. मधात चमचा सावकाश फिरवला तर फिरतो, झटक्याने फिरवायला गेले तर बरणीच हलते. ॲक्रिलिक डिंक काहीसा मधासारखा आणि काहीसा रबरासारखा वागतो. झटका दिला तर त्याच्या रेणूंना सरकायला वेळ मिळत नाही, तो ताठरतो आणि सोलण्याचे बळ वाढते. ओढण्याचा वेग दहापट केला तर ते दुप्पट-तिप्पटही होऊ शकते. याचा दुसरा पुरावा टेप वापरणाऱ्या अभियंत्यांच्या एका आडाख्यात आहे. कायम लटकणाऱ्या वजनासाठी किलोमागे सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर टेप लावा, असे ते सांगतात. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर भार अवघा १८ ग्रॅम. तेवढ्याच तुकड्याला क्षणभराचा हिसका मात्र अनेक किलोंचा सोसतो. वस्तू एकच, पण ‘किती काळ’ हे विचारल्याशिवाय तिच्या ताकदीचा आकडा सांगताच येत नाही.

ड्रायरची भूमिका इथे येते. विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघांनी १९५५ मध्ये जे समीकरण मांडले, त्याचा मथितार्थ असा की डिंकासारख्या बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) बाबतीत तापमान वाढवणे आणि वेळ जास्त देणे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. गरम केलेला डिंक सुटण्यासाठी ‘वितळत’ नाही, तसा समज मात्र सार्वत्रिक आहे. त्याचे रेणू चपळ होतात इतकेच, आणि थंड अवस्थेत ज्या सरकण्याला तास लागले असते ते मिनिटांत उरकते. ड्रायरने वेळ विकत घेता येतो, असे म्हटले तरी चालेल.

पण वेळ हवाच कशाला? जोर भरपूर असेल तर झटका देऊन मोकळे का होऊ नये? याचे उत्तर पट्टीत शोधू नये, पट्टीखालच्या थरांत शोधावे. पत्रा, त्यावर प्रायमर, मग रंग, मग पारदर्शक क्लिअर कोट, मग डिंक, फोम, पुन्हा डिंक आणि शेवटी प्लॅस्टिक, अशी ही चळत असते. भेग नेहमी सर्वांत स्वस्त वाट पकडते. सावकाश आणि गरम असताना डिंक किंवा फोम हीच ती स्वस्त वाट ठरते. झटक्यात डिंक महाग होतो, रंगाचे थर मात्र वेगाने फारसे बदलत नाहीत. मग भेग रंगाखाली उतरते. रंग निघतो तो टेप ‘फार चिकट’ होती म्हणून नव्हे, ओढणाऱ्याने घाईने तिची किंमत वाढवली म्हणून. हा पेच टेपच्या जन्माइतकाच जुना आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची फॅशन होती. दोन रंगांच्या सीमेवर लावलेला चिकट कागद काढताना ताजा रंग उखडे आणि रंगारी वैतागत. मिनेसोटातल्या सेंट पॉल येथे हे पाहून ‘थ्रीएम’च्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. जगभर खपलेली ही टेप मुळात सुटण्यासाठी घडवलेली होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

मग कोणी म्हणेल, गॅरेजमधला मिस्त्री तर दोन मिनिटांत हिसडून काढतो आणि काही होत नाही. होत नाही, कारण कारखान्यातला रंग भट्टीत साधारण १४० अंशांना भाजलेला असतो आणि पत्र्याला फार पक्का धरतो. तोच फाळका एकदा ठोकर खाऊन पुट्टी भरून पुन्हा रंगवलेला असेल, तर मिस्त्रीचा अनुभव कामाला येईलच असे नाही. पट्टीवरून तिच्याखालचा इतिहास कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उष्णता चांगली, तर हीट गन पूर्ण जोराने चालवावी. पण हीट गनच्या तोंडाशी ५०० अंशांपर्यंतची हवा येऊ शकते आणि एबीएस प्लॅस्टिक १०० अंशांच्या आसपास लुळे पडते. पट्टी वेडीवाकडी होऊन जाते आणि पुन्हा बसवता येत नाही. शिवाय फार गरम डिंक आतूनच फाटतो आणि त्याचा लगदा पत्र्यावर राहतो. हाताला चटका बसेल न बसेल इतके, म्हणजे ५०-६० अंश पुरतात. उलट गोठवून डिंक ठिसूळ करावा, हा विचार तत्त्वतः बरोबर आहे. अडचण एवढीच की या डिंकांचे काचेसारखे होण्याचे तापमान शून्याच्या बरेच खाली असते. दीड मीटरचा फाळका तितका थंड ठेवणे सोपे नाही, आणि थंडीत प्लॅस्टिकच्या क्लिपाही कटाकट तुटतात.

द्रावक आधी का ओतू नये, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. द्रव पदार्थाला पाझरत जायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. दहा मिलिमीटर रुंद टेपमध्ये द्रावकाला फक्त कडेने शिरकाव असतो, म्हणजे मध्यापर्यंत पाच मिलिमीटर. पट्टी निघाल्यावर उरलेला डिंकाचा थर उघडा असतो, समजा ०.१ मिलिमीटर. अंतरात पन्नास पटींचा फरक, वेळात अडीच हजार पटींचा. उघडा थर मिनिटात मऊ पडत असेल, तर पट्टीखालची टेप भिजायला ४२ तास लागतील. द्रावक शेवटी, हा क्रम या गणिताने ठरवलेला आहे.

उरली तंगूस. सोलण्याच्या कोनाला किती महत्त्व आहे, हे रोनाल्ड रिव्हलिन यांनी १९४४ मध्ये दाखवले. ऊर्जा तीच धरली, तर काटकोनात सोलायला जे बळ लागते त्याच्या निम्मे टेप पूर्ण उलटी दुमडून ओढताना पुरते, आणि दहा अंशांच्या निमुळत्या कोनात तब्बल ६६ पट लागते. नुसती टेप दुमडता येते, कडक पट्टी नाही. तिला पकडून ओढले की सगळा पृष्ठभाग एकदम प्रतिकार करतो, म्हणून स्क्रू-ड्रायव्हरवाला हरतो. तंगूस पट्टीमागे घालून करवतीसारखी मागेपुढे ओढली की ताण तिच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेषेवर एकवटतो. भेग फोमच्या मधूनच जाते, रंगाच्या वाट्याला ती येतच नाही. गाडीला मागचा कॅमेरा असेल तर त्याची वायर आधी सोडवलेली बरी, कारण तंगूस तीही कापते.

पट्टी निघाली, उरलेला फोम बोटाने चोळून गोळ्या करून काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिंक पुसला, की फाळक्यावर तिचा ठसा दिसतो. कडेने पाणी आणि मीठ अडकून राहिले असेल तर तिथे रंग फुगलेला असतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. गंज नसला तरी आयताकृती सावली असतेच. पट्टीखालच्या रंगाला अतिनील किरण लागलेले नसतात, म्हणून तो शोरूममधल्या दिवसाइतकाच गडद असतो. बाकीचा फाळका मात्र आठ-दहा वर्षांच्या उन्हाने उतरलेला. पॉलिशने वरचा मळकट थर निघतो आणि दोन छटा जवळ येतात. रंगद्रव्याचे जे रेणू उन्हाने मोडले ते मात्र परत जुळत नाहीत. म्हणूनच सावली फार ठळक असली, तर कितीतरी मालक तीच पट्टी नवी टेप लावून पुन्हा तिथेच बसवतात.